डोकी मोजून दिलेला रस्ता

जनगणनेनंतर प्रत्येक जिल्ह्याची एक जाडजूड पुस्तिका निघते. तिच्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला एक ओळ मिळते. गावाचे नाव, क्षेत्रफळ, लोकसंख्या, मग शाळा, दवाखाना, टपाल कार्यालय, बस, रेल्वे, पक्का रस्ता असे रकाने ओळीने येतात. एखादी सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे हे एका अक्षरात सांगितलेले असते. पाच किलोमीटरच्या आत असेल तर ‘ए’, पाच ते दहा असेल तर ‘बी’, दहाच्या पुढे ‘सी’. दहाच्या पुढे म्हणजे अकरा की चाळीस, ते कळत नाही. मध्ये नदी आहे का, घाट आहे का, पावसाळ्यात वाट शिल्लक राहते का, तेही कळत नाही. तरी ही ओळ महत्त्वाची आहे, कारण गावाला काय मिळणार याचे पुष्कळसे निर्णय अशाच आकड्यांवरून होतात.

या रकान्यांचा क्रम मला खटकतो. लोकसंख्या आधी येते, दळणवळण नंतर, आणि आपले नियोजनही त्याच क्रमाने चालते. आधी डोकी मोजायची, मग तेवढ्या डोक्यांसाठी काय देता येईल ते ठरवायचे. रस्ता, बस, शाळा, आरोग्य उपकेंद्र, सगळ्यांना माणसांच्या संख्येची अट. माझे म्हणणे असे आहे की हे नाते आपण उलटे धरले आहे. गावात किती माणसे उरली, हे बऱ्याच अंशी तिथल्या रस्त्याने, तिथे येणाऱ्या गाडीने आणि त्या गाडीच्या वेळेने ठरवलेले असते. लोकसंख्या हा दळणवळणाचा परिणाम आहे. परिणामालाच निकष केले की ज्या गावाकडे मागे दुर्लक्ष झाले, त्याच्याकडे पुढेही दुर्लक्ष करायला कागदोपत्री आधार मिळतो.

हा निकष काही पहिल्यापासूनचा नाही. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार केला. तो नागपूर आराखडा म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामीण मार्गापर्यंत रस्त्यांची जी उतरंड आपण आजही वापरतो, ती तिथली. त्या आराखड्यात शेतीने विकसित अशा भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब राहू नये, असे उद्दिष्ट होते. म्हणजे उद्दिष्ट अंतरात मांडलेले होते. गाव किती लांब आहे, हा प्रश्न होता. पुढे १९७४ मध्ये पाचव्या पंचवार्षिक योजनेबरोबर किमान गरजा कार्यक्रम आला आणि दीड हजारांहून मोठी गावे आधी बारमाही रस्त्याने जोडायची असे ठरले. गाव किती मोठे आहे, हा प्रश्न झाला. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली तेव्हा हजाराहून मोठ्या वस्त्या आधी, मग पाचशेच्या वरच्या, आणि डोंगरी राज्ये, वाळवंट, आदिवासी क्षेत्र अशा ठिकाणी अडीचशेच्या वरच्या, अशी पायरी ठरली.

या योजनेचे काम लहान नाही. देशभरात सात लाख किलोमीटरहून अधिक रस्ते तिच्यातून झाले आणि ते झाले नसते तर कित्येक गावे अजून चिखलात असती. म्हणूनच तिच्या निकषाकडे बारकाईने पाहायला हवे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा चौथा टप्पा मंजूर झाला. २५ हजार वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर, असे त्याचे लक्ष्य आहे. या टप्प्यातल्या वस्त्यांची लोकसंख्या धरायची ती २०११ च्या जनगणनेची. २०२८ साली एखाद्या वस्तीवर डांबर पडेल की नाही, हे २०११ च्या फेब्रुवारीत तिथे कोण सापडले यावर ठरणार आहे.

फेब्रुवारी हा महिना मी मुद्दाम सांगतो आहे. आपली जनगणना माणसाला तो जिथे सापडेल तिथे मोजते. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी असा मोजणीचा काळ होता. त्या काळात एकदाही घरी नसलेला माणूस त्याच्या गावात धरला गेला नाही. तो ज्या ठिकाणी होता, तिथे धरला गेला. आता बीड जिल्हा डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. फेब्रुवारीत गळीत हंगाम चालू असतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली कितीतरी घरे तेव्हा कुलूपबंद असतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्याकडे ठेवलेली शाळकरी मुले. घरची कर्ती माणसे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, असतात आणि नियमाप्रमाणे तिथेच मोजली जातात. गावाच्या ओळीत जो आकडा बसतो, तो गावातल्या सर्वांत रिकाम्या महिन्याचा असतो.

ही कुटुंबे जातात का, तर गावात पाणी नाही आणि हाताला काम नाही म्हणून. रस्ता असता तर प्रश्न सुटला असता, असे मी म्हणणार नाही. पण ज्या गावातून रोज सकाळी तालुक्याला जाऊन संध्याकाळी परतता येते, तिथल्या माणसाला मजुरीसाठी आणखी एक वाट उघडी असते. ज्या गावातून तसे करता येत नाही, तिथे पर्याय दोनच उरतात: गावात राहून उपाशी बसणे किंवा सहा महिने घर सोडणे. घर सोडले की आकडा घटतो, आणि घटलेल्या आकड्याला रस्ता मिळत नाही.

हेच कोकणात वेगळ्या रूपात दिसते. तिथे मी जरा थांबणार आहे, कारण लोकसंख्या आणि दळणवळण यांची गाठ महाराष्ट्रात सर्वांत जुनी कुठे असेल तर ती तिथे. रत्नागिरीच्या माणसाला तालुक्याच्या गावी जायला धड वाट नव्हती तेव्हाही मुंबईला जायला आगबोट होती. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही बंदरे मुंबईच्या धक्क्याशी जोडलेली होती. घाटावर जायचे तर सह्याद्री आडवा, शेजारच्या गावात जायचे तर खाडी आडवी, आणि मुंबई मात्र एका रात्रीच्या अंतरावर. माणूस जिकडे वाट असते तिकडे जातो. गिरण्यांना हात हवे होते, बोट सुटत होती, आणि गिरणगावात रत्नागिरीची माणसे भरली. कोकणी माणसाच्या ‘मुंबईच्या ओढी’बद्दल आपण पुष्कळ बोलतो. मला त्यात मनाच्या ओढीहून वाहतुकीच्या दिशेचा वाटा मोठा दिसतो. त्या काळात जयगडहून संगमेश्वरला रोजची गाडी असती आणि संगमेश्वरात काही उद्योग असता, तर आज रत्नागिरीच्या आकड्यांचे चित्र वेगळे असते.

आजचे चित्र असे आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. दहा वर्षांत महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढली आणि या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. स्त्रियांचे प्रमाण अधिक म्हणून या आकड्याचे कौतुक होते. पण त्याचा एक सरळ अर्थ असा की कामाच्या वयाचे पुरुष तिथे मोजले गेलेच नाहीत, ते मुंबई, ठाण्याच्या आकड्यात आहेत. गावात राहिलेल्यांत बायका आणि वृद्ध अधिक. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, तरी त्यानंतरच्याच दशकात ही घट झाली. रेल्वेने मुंबई आणखी जवळ आणली. स्थानकापासून वाडीपर्यंतचा दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा मात्र तसाच राहिला. गाडीतून उतरलेल्या माणसाला तिकिटाच्या कितीतरी पट पैसे रिक्षाला द्यावे लागतात, हे त्या मार्गावरच्या लहान स्थानकांवर उतरणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि या जिल्ह्यांत गाव म्हणजे एक वस्ती नसते. महसुली गाव एक, वाड्या दहा. मधलीवाडी, वरचीवाडी, सुतारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, आणि सगळ्यांत वर डोंगराच्या कडेला धनगरवाडा. एका वाडीतून दुसरीत जायला पायऱ्यांची पाखाडी, मध्ये वहाळ म्हणजे ओढा, वहाळावर साकव म्हणजे लहानसा पूल, आणि तो साकव कधी पहिल्याच मोठ्या पावसात गेलेला. अशा गावाची लोकसंख्या हजार-बाराशे असते, पण एकेका वाडीत शंभर-दीडशे माणसे.

आता निकष लावून पाहू. महसुली गाव हे माप धरले, तर रस्ता ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत किंवा मधल्यावाडीच्या देवळापर्यंत आला की गाव ‘पक्क्या रस्त्याने जोडलेले’ ठरते. वरच्या वाड्यांतल्या लोकांना ती ओळ वाचून आश्चर्य वाटेल, पण कागदावर त्यांचा प्रश्न सुटलेला असतो. वस्ती हे माप धरले, जसे ग्रामसडक योजना धरते, तर प्रत्येक वाडी सुटी मोजली जाते आणि पाचशेची रेघ एकही वाडी गाठत नाही. जवळजवळच्या वस्त्या एकत्र धरायची मुभा नियमात आहे, पण कोकणातल्या वाड्यांच्या मधले डोंगर आणि वहाळ त्या मुभेत सहज मावत नाहीत. एका मापाने गाव आधीच जोडलेले, दुसऱ्या मापाने वाडी जोडण्याइतकी मोठी नाही. दोन्ही मापांतून निसटतात ती तीच माणसे. धनगरवाड्यावरचे लोक, कातकऱ्यांच्या वाड्या आणि वेशीबाहेर ठेवलेली वस्ती. पूर्वी ज्यांना गावाने लांब बसवले, त्यांना आज निकष लांब ठेवतो. या दोन गोष्टी वेगळ्या मानायला माझे मन तयार होत नाही.

ग्रामसडक योजनेच्या नियमात आणखी एक तरतूद आहे. बारमाही रस्त्यापासून, किंवा जोडलेल्या दुसऱ्या वस्तीपासून, सपाटीवर पाचशे मीटर आणि डोंगराळ भागात दीड किलोमीटर पायवाटेच्या आत असलेली वस्ती न जोडलेल्यांत धरली जात नाही. दीड किलोमीटर म्हणजे धडधाकट माणसाला वीस-पंचवीस मिनिटे. जुलैच्या पावसात, निसरड्या पाखाडीवरून, चादरीच्या झोळीत बाळंतीण घालून बांबू खांद्यावर घेतलेल्या चौघांना तेच दीड किलोमीटर किती पडते? महाराष्ट्रात अशा झोळीच्या, डोलीच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. शहापूर, जव्हार, मोखाडा, अक्कलकुवा, भामरागड ही नावे वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या ओळखीची झाली आहेत. त्या बातम्यांखाली गावाची लोकसंख्या छापलेली असते. ती लहान असते. वाचणाऱ्याच्या मनात नकळत एक समजूत बसते की एवढ्याशा वस्तीला रस्ता कसा होणार. मला ती समजूत घातक वाटते. झोळीतल्या बाईला किती शेजारी आहेत, यावर तिच्या रक्तस्रावाचा वेग ठरत नाही.

रस्ता झाला म्हणजे संपले, असेही नाही. ज्याच्या दारात स्वतःचे वाहन नाही, त्याच्यासाठी रस्ता ही निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी म्हणजे गाडी, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांसाठी गाडी म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढच्या काळात ‘गाव तिथे एसटी’ हे धोरण झाले, आणि ते केवळ घोषणेपुरते राहिले नाही. मुक्कामाची गाडी ही त्या धोरणाची सर्वांत शहाणी निर्मिती होती. संध्याकाळी तालुक्याहून निघायची, अंधार पडता शेवटच्या गावी पोचायची आणि रात्री तिथेच थांबायची. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओसरीत झोपायचे, गावातले कुणी भाकरी आणून द्यायचे. पहाटे तीच गाडी भाजीच्या पाट्या, दुधाची किटली, कॉलेजची पोरे, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा आणि दवाखान्यात दाखवायची सून घेऊन परत निघायची. गावातल्या माणसाला त्या दिवशी तालुक्यात काम उरकून त्याच दिवशी घरी येता यायचे. एका गाडीच्या रात्रीच्या थांब्याने गावाचा अख्खा दिवस गावकऱ्याच्या हाती यायचा. बाहेरून रिकामी येऊन तासाभरात परत फिरणाऱ्या दुपारच्या चार फेऱ्यांनी ते साधत नाही.

करोनाकाळात गाड्या थांबल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. मागण्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने जगण्यामरणाच्या होत्या, त्यांना दोष देण्याचा इथे हेतू नाही. पण गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आडगावांच्या बऱ्याच फेऱ्या आणि मुक्काम परत आले नाहीत. गाड्या जुन्या झालेल्या, चालक कमी, आणि कारण विचारले की उत्तर एकच मिळते: भारमान नाही. शंभर जागांमागे किती जागा भरल्या, याचा तो हिशेब. जिथे भारमान कमी तिथली फेरी आधी बंद होते. फेरी अनियमित झाली की माणूस तिच्या भरवशावर राहत नाही. तो वडापच्या खासगी जीपला लटकतो किंवा हप्त्यावर मोटारसायकल घेतो. मग भारमान आणखी घटते. शेवटी ज्यांना जीपमध्ये चढता येत नाही आणि मोटारसायकल चालवता येत नाही, एवढेच लोक थांब्यावर उरतात, आणि तेवढ्यांसाठी गाडी सोडणे तोट्याचे ठरते.

या पेचाचे मूळ कायद्यातच आहे. राज्यांच्या परिवहन महामंडळांना आधार देणारा कायदा १९५० चा. त्याचे कलम १८ महामंडळावर पुरेशी, कार्यक्षम, परवडणारी आणि नीट जुळवलेली वाहतूक पुरवण्याचे कर्तव्य टाकते. कलम २२ सांगते की महामंडळाने व्यावसायिक तत्त्वांवर काम करावे. शहरे जोडणाऱ्या मार्गांचा नफा आडमार्गांवर खर्च करून महामंडळाने ही दोन कलमे अनेक दशके एकत्र नांदवली. मग मोठ्या मार्गांवर खासगी आराम गाड्या आल्या, नफा तिकडे गेला, आणि आडमार्गाचा तोटा मागे उरला. त्यात राज्य सरकार एसटीच्या भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर घेत आले आहे. अशा स्थितीत एखाद्या आगार व्यवस्थापकाने धनगरवाड्याची फेरी बंद केली तर तो माणूस वाईट नसतो. त्याला जे मोजायला सांगितले आहे, ते तो मोजतो.

सवलतींचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट झाले. दोन्ही निर्णयांचे मी मनापासून स्वागत करतो. एसटीच्या थांब्यावर बायकांची गर्दी वाढली हे कुणालाही दिसते, आणि ती गर्दी म्हणजे इतके दिवस घरात अडलेली माणसे आहेत. पण ज्या वाडीला एसटीच येत नाही, तिथल्या बाईला या सवलतीचा एक रुपयाही मिळत नाही. ती जीपला पूर्ण पैसे देते, रात्री-अपरात्री दुप्पट देते. सरकारी तिजोरीतून प्रवासासाठी दिला जाणारा पैसा ज्यांना आधीच गाडी आहे त्यांच्याकडे जातो. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देते, त्याच हिशेबात गाडीविना असलेल्या वस्त्यांसाठी वेगळा वाटा ठेवायला काय हरकत आहे?

मुलींच्या शिक्षणाची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय राज्यात झाला. तेव्हापासून कमी पटाच्या शाळांवर ही टांगती तलवार आहे. कमी पट म्हणजे लहान वाडी. लहान वाडी म्हणजे बहुतेक वेळा जिथे गाडी येत नाही अशी वाडी. मुलांना लांबच्या शाळेत पाठवायचे तर वाहन हवे, आणि तिथे वाहन नाही, कारण मुले थोडी. पाचवी-सातवीनंतर मुलगा मैल-दोन मैल चालत जातो, मुलीला घरी बसवले जाते. ग्रामीण मुलींना मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आणि मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत मुलींसाठी सुरू झालेल्या बस ही आपल्या राज्याने केलेली मोलाची कामे आहेत. ती दाखवतात की हेतू ठरवून गाडी सोडली तर भारमानाच्या पलीकडे जाता येते.

ग्रामसडक योजनेवर झालेले संशोधनही या ठिकाणी बोलते. पॉल नोव्होसाद आणि सॅम अ‍ॅशर या अर्थशास्त्रज्ञांनी पाचशे आणि हजार या लोकसंख्येच्या रेषांचाच उपयोग करून घेतला. रेषेच्या जरा वर असलेल्या आणि जरा खाली असलेल्या गावांत माणसे जवळपास सारखी, पण एकाला रस्ता लवकर मिळाला आणि दुसऱ्याला नाही. दोघांची तुलना केली तर रस्त्याचा परिणाम काय तो वेगळा काढता येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार रस्त्यामुळे माणसे शेतीतून बाहेर पडून इतर मजुरीकडे वळली, वाहतुकीच्या सोयी वाढल्या, पण शेतीचे उत्पन्न किंवा घराची मालमत्ता यांत फारसा फरक पडला नाही. अंजली अडुकिया यांच्यासह केलेल्या दुसऱ्या अभ्यासात सहावी ते आठवीच्या वर्गांतली पटनोंदणी सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसली.

या निष्कर्षांचा आधार घेऊन कुणी म्हणेल की रस्त्याने श्रीमंती येत नाही, मग लहान वस्त्यांवर पैसा का घालायचा. मी त्यातून उलटा अर्थ घेतो. रस्त्याकडून श्रीमंतीची अपेक्षा करणे हीच चूक. रस्ता माणसाला निवड देतो. शेतात राबायचे की गवंड्याच्या हाताखाली जायचे, मुलीला सातवीपुढे पाठवायचे की नाही, हे ठरवण्याची मोकळीक देतो. ती मोकळीक दोनशे माणसांच्या वाडीतल्या बापाला दोन हजारांच्या गावातल्या बापापेक्षा कमी का मिळावी, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. डोंगरात एक किलोमीटर रस्ता करायला सपाटीच्या कितीतरी पट खर्च येतो, तो पावसात धुपतो, पुन्हा करावा लागतो. पैसा मोजका असताना जास्त माणसांचे काम आधी व्हावे, असे म्हणणारा अभियंता प्रामाणिक असतो. क्रम लावावा लागणार हे मलाही मान्य आहे. माझा वाद क्रम कशाने लावायचा याबद्दल आहे. आणि आपले सरकार जेव्हा मनावर घेते, तेव्हा डोकी मोजत नाही, याचीही उदाहरणे आहेत. गुजरातेत गीरच्या जंगलातल्या बाणेज इथे एका मतदारासाठी मतदान केंद्र उभे राहत आले आहे. मतदाराला दोन किलोमीटरहून जास्त चालावे लागू नये असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा तालुक्यात मणिबेलीला मतदान पथके बोटीतून जातात. मत देण्याचा हक्क प्रत्येकाचा स्वतंत्र आहे, शेजाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही, हे आपण मान्य केले म्हणून हे घडते. दूरध्वनीबाबतही २००२ पासून सार्वत्रिक सेवेसाठी वेगळा निधी आहे. जिथे फायदा नाही तिथे सेवा पोचवायचा खर्च सगळ्या ग्राहकांच्या पैशातून उचलायचा, हे त्यामागचे तत्त्व. बससाठी असा निधी नाही. का नाही, हे विचारण्याची वेळ आली आहे.

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या भागातून अहेरीला एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी तिथे पहिली बस आली. त्या भागाची लोकसंख्या त्या आठवड्यात वाढली नव्हती, आणि भारमानाचा हिशेब आधी कुणी मांडला नव्हता. तिथे रस्ता आणि बस आली, कारण राज्याला तिथे पोचायचे होते. सुरक्षेच्या कारणाने का होईना, निर्णय झाला. ज्या वस्त्यांतून कसलाही धोका उभा राहत नाही, अशा शांत आणि गप्प वस्त्यांचाही विचार त्याच निश्चयाने व्हायला हवा.

मग मोजायचे काय? मला वाटते, परत येणे मोजावे. या वाडीतला, वाहन नसलेला माणूस सकाळी निघून तालुक्याच्या दवाखान्यात, कचेरीत किंवा कॉलेजात काम करून त्याच दिवशी अंधाराच्या आत घरी पोचतो का? पोचत असेल तर आठवड्यातून किती दिवस, आणि जून ते सप्टेंबर या काळात किती? त्याला त्यासाठी दिवसाच्या मजुरीतला किती हिस्सा द्यावा लागतो? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वाडीसाठी काढता येतात, आणि ती काढायला अभियंता लागत नाही. ग्रामसेवक, आशाताई आणि शाळेचे गुरुजी एका दुपारी काढतील. मग ज्या वस्तीतून परतणे जमतच नाही, ती यादीत सर्वांत वर. तिथे डांबरी रस्ता लगेच शक्य नसेल तर पक्का साकव आणि खडीची वाट, आणि चव्वेचाळीस आसनांची गाडी परवडत नसेल तर लहान गाडी. स्थानिक जीपवाल्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात, रिकामी असली तरी फेरी मारण्याच्या अटीवर परवाना आणि अनुदान देता येईल. वडाप आज बेकायदा चालते आणि तरी अर्ध्या महाराष्ट्राला पोचवते. त्याला नियमात आणून गावाशी बांधून घेणे त्याच्यामागे धावण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

जनगणनेचा पुढचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीत. पुन्हा बीडची कुटुंबे कोपीवर असतील, पुन्हा कोकणातली माणसे मुंबईच्या आकड्यात जातील. जनगणनेची तारीख बदला, असे मी म्हणत नाही, तिला देशभराची आणि दीडशे वर्षांची शिस्त आहे. पण त्या आकड्यावर रस्ता आणि बस ठरवणाऱ्या खात्यांनी गावाचा वर्षभराचा आकडा शेजारी ठेवलाच पाहिजे. गणपतीला आणि शिमग्याला ज्या वाडीत एसटीच्या जादा गाड्या भरून माणसे उतरतात, ती वाडी रिकामी नाही. ती माणसे घर राखून आहेत, देवाचे मान सांभाळून आहेत, शेतसारा भरत आहेत. त्यांतली काही निवृत्त होऊन परत येऊ पाहतात, आणि पहिला प्रश्न विचारतात तो हा की रात्री छातीत दुखले तर चिपळूणला कसे न्यायचे.

यातल्या काही गोष्टींना तर रुपयाही लागत नाही. तालुक्याच्या शाळा-कॉलेजांची सुटण्याची वेळ आणि आगारातून गावाकडे सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ जुळवणे हे मुख्याध्यापक आणि आगार व्यवस्थापक यांनी समोरासमोर बसून करायचे काम आहे. कित्येक ठिकाणी गाडी साडेचारला सुटते आणि प्रयोगशाळेचा तास पाचला संपतो. त्या अर्ध्या तासापायी मुली विज्ञान शाखा सोडून कला शाखेला जातात, किंवा शिकणेच सोडतात. ग्रामसभेने १ मेच्या बैठकीत ठराव करून, कोणत्या वाडीतून किती मुले-मुली कुठल्या वर्गाला जाणार आहेत याची यादी जोडून, तो शाळेला आणि आगाराला एकाच दिवशी दिला, तर जूनच्या वेळापत्रकात बदल करायला दीड महिना हाती राहतो.